हॉफनर 500/1 : घोडी जागेवर आली, झीरो फ्रेट बाकी

हा बेस गिटार जर्मनीत बनलेला, 1961 च्या धाटणीचा : दोन्ही पिकअप (तारांचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) मानेजवळ, वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, आत पूर्ण पोकळ. या खेपेला फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा चढवल्या.

याची घोडी (तारा जिच्यावरून जातात तो आधार) चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. म्हणून चारही तारा एकदम काढायच्या नाहीत, एक काढली की तिच्या जागी नवी, मगच पुढची. घोडीच्या पायांभोवती आधी कमी चिकट कागदी टेपने खूण केली. काम संपताच टेप काढावा, रात्रभर राहिला तर जुन्या लॅकरचा पापुद्रा सोबत येतो.

तार घेताना नुसतं ‘30 इंची स्केल’, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी, बघून भागत नाही. टेलपीस (तारा खाली जिथे अडकवतात तो भाग) घोडीपासून दूर असल्याने तारेच्या टोकाच्या गोळीपासून नटपर्यंतचं (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) अंतर मोजावं. जाड वेटोळं नट ओलांडून जायला हवं, पण खुंटीवर गुंडाळलं जाता कामा नये. तिथे वाकलं की तार सुरात टिकत नाही, पुढे तुटतेही.

नंतर इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी स्वर सुरात येणं. झीरो फ्रेटपासून (नटलगतची धातूची पट्टी, मोकळी तार हिच्यावर टेकते) बारावा फ्रेट 381 मिमीवर, घोडी 762 च्या किंचित मागे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर पडताळला. G तार बरोबर, E मात्र 6 सेंट चढी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). घोडीच्या खाचांमध्ये फ्रेटच्या तारेचे छोटे तुकडे बसवलेले असतात. E चा तुकडा एक खाच मागे नेला, फरक 2 सेंटवर आला. तुकडा हलवण्याआधी तार सैल करावी, नाहीतर खाचेची कड उडते. सूर चढवताना घोडी मानेकडे झुकते, दर वेळी हाताने सरळ करावी.

तारांची उंची घोडीच्या दोन बाजूंच्या चाकांनी जमवली : बाराव्या फ्रेटवर E खाली 2.4 मिमी, G खाली 2. मुंबई-कोकणातल्या पावसाळी दमटपणात फळी फुगून तारा वर येतात, तेव्हा हे माप पुन्हा घ्यावं लागतं.

आवाज आता हवा तसा गोल आणि ठोस येतोय, ठोका पडला की स्वर लगेच मिटतो. ज्या गुणासाठी हा बेस घ्यावा तो हाच.

फक्त A तार मोकळी छेडली की झणझणते, पहिला फ्रेट दाबला की थांबते. ही जवारी सतारीवर शोभेल, इथे नाही. दोष घोडीचा नाही, झीरो फ्रेटवर A खाली चरा पडलाय. घासून सपाट केला तर फ्रेट आणखी बुटका होईल आणि चारही तारा झणझणतील. त्यामुळे तो काढून किंचित उंच तारेचा नवा बसवायचा, आणि नटची खाच इतकी खोल ठेवायची की तार झीरो फ्रेटवर घट्ट टेकेल.