नाब्लुसला जाताना: एक पूल, दोन रांगा

जॉर्डनमधलं अम्मान ते पॅलेस्टाईनमधलं नाब्लुस, अंतर म्हणाल तर साधारण पुणे-सातारा. आम्ही पहाटे साडेपाचला अम्मानहून निघालो आणि संध्याकाळी साडेसातला मित्राच्या घराचा जिना चढलो. चौदा तास. वाटेत गाडी बंद पडली नाही, दरड कोसळली नाही, कुणी आजारी पडलं नाही. त्याच्या आईने दारातच विचारलं, "पुलावर गर्दी होती का?" तो म्हणाला, "नाही, आज ठीक होतं."

हा माझा पुण्यातला रूममेट. एम.एस्सी.ला बरोबर होतो, तीन वर्षं एकाच फ्लॅटमध्ये काढली. नाब्लुसच्या माणसाला अरबीत नाबुलसी म्हणतात, आमच्याकडे तेच त्याचं नाव पडलं. २०१९ च्या जूनमध्ये, परीक्षा लांबल्यामुळे ईद हुकलेली, त्यामुळे हा आधीच फुरंगटलेला, तो सुट्टीला घरी निघाला आणि मी शेपटासारखा मागे लागलो. खाली लिहिलंय ते त्या वेळचं आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर तिथलं सगळंच बदललं: पुलाच्या वेळा घटल्या, मध्येच तो दिवसेंदिवस बंद राहायला लागला, शहरांच्या वेशींवर नवी फाटकं आली. म्हणून पैसे आणि वेळा माझ्या धरू नका. जायच्या आदल्या आठवड्यात तिथल्या माणसालाच फोन करा. पण रस्ता तोच आहे, कारण दुसरा नाहीच.

दुसरा नाही तो त्याला. मला होता. एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव थेट विमान २०१८ पासून सुरू झालं होतं. उतरून दोन तासांत नाब्लुसजवळ पोचलो असतो. नाबुलसीकडे मात्र वेस्ट बँकेतलं, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातलं, हिरव्या पाकिटातलं ओळखपत्र आहे, ज्याला ते हविया म्हणतात, आणि हवियावाल्याला तो विमानतळ खास परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्याने जॉर्डनमध्ये उतरायचं आणि जॉर्डन नदीवरच्या पुलावरून घरी जायचं. पुलाला नावं तीन. जॉर्डनवाले राजा हुसैन पूल म्हणतात, इस्रायली अ‍ॅलेनबी म्हणतात, पॅलेस्टिनी अल-करामा. प्रत्यक्षात सगळे नुसतं 'जिस्र' म्हणतात, पूल. आपण नाही का नुसतं 'घाट' म्हणतो, तसं.

कागदांचं आधी सांगतो, कारण तिथेच लोक अडकतात. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने इस्रायलचा व्हिसा भारतातूनच काढून न्यायचा, पुलावर मिळत नाही. जॉर्डनचा व्हिसा अम्मानच्या विमानतळावर ४० दिनारांत मिळाला. आता गंमत अशी, की जॉर्डनचा व्हिसा पुलावर मिळत नाही, पण त्याच पुलाने जाऊन त्याच पुलाने मुदतीत परत आलात तर पहिलाच व्हिसा चालतो, कारण जॉर्डन त्या पुलाने जाणं हे देश सोडणं धरत नाही. जाताना एका पुलाने आणि येताना उत्तरेच्या दुसऱ्या नाक्याने असा शहाणपणा केलात तर हिशेब बिघडतो. पलीकडे, इस्रायली बाजूला, पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटा निळा कागद देतात. तो जिवापाड जपा. मी पाकिटात बसच्या तिकिटांबरोबर ठेवला होता आणि दोनदा फेकता फेकता वाचलो.

अम्मानहून पूल पन्नासेक किलोमीटर, आणि सगळा उतार. कानांना दडे बसतात. पूल समुद्रसपाटीच्या खाली साडेतीनशे मीटरहून जास्त आहे. म्हणजे जूनमध्ये सकाळी सातलाच हवा तव्यावरून आल्यासारखी लागते. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, आणि ते बसच्या पोटातल्या बॅगेत नाही, हातात.

जॉर्डनच्या बाजूला आमची फाटाफूट झाली. परकीयांची इमारत वेगळी, पॅलेस्टिनींची वेगळी, बसही वेगळ्या. हे मला माहीत होतं, तरी तो आपला हात वर करून "भेटू रे" म्हणत गर्दीत घुसला तेव्हा चुकल्यासारखं झालं. त्याच्या रांगेत कुवेत-दुबईहून सुट्टीला आलेली कुटुंबं होती, मांडीवर झोपलेली पोरं, दोरीने आवळलेली खोकी, आणि माझ्याच वयाची बरीच पोरं, कुणी तुर्कस्तानात शिकणारी, कुणी मलेशियात. उन्हाळ्यात सगळे एकदमच घरी येतात. माझ्या रांगेत एक जर्मन जोडपं आणि एक चर्चचा गट. बाहेर पडण्याचे १० दिनार भरले, बसचे ७ आणि बॅगेचे वेगळे दिले. सुटे दिनार हवेतच, मोठी नोट दिली की खिडकीतला माणूस नुसता बघत बसतो.

पलीकडे माझी चौकशी झाली, पण चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ. कुठे राहणार, कुणाकडे, ओळख कशी. मी खरं सांगितलं: नाब्लुस, वर्गमित्र, पुणे. काही जणांचा सल्ला असतो की नाब्लुसचं नाव काढू नका, जेरुसलेमचं हॉटेल सांगा. माझं मत, खोटं बोलू नका. बॅगेत त्याच्या आईसाठी साडीचा खोका आहे आणि तोंडाने हॉटेल सांगताय, हे चार प्रश्नांत उघडं पडतं. उत्तरं आखूड द्या, यजमानांचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.

खरी अडचण झाली ती गोड्या मसाल्याची. माझ्या आईने नाबुलसीच्या आईसाठी पाव किलो बांधून दिला होता, दोन पिशव्यांत, वर रबरबँड. तपासणीवरच्या मुलीने पिशवी उचलली, दाबली, उघडली, नाक जवळ नेलं आणि सणसणीत शिंकली. मग दुसरा आला, त्यानेही हुंगलं. दगडफूल हा प्रकार इंग्रजीत समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. शेवटी पिशवी परत मिळाली, पण रबरबँड त्यांच्याकडेच राहिला, आणि माझे सगळे शर्ट पुढचे दोन आठवडे आमटीसारखे दरवळत होते. पावडरी नेऊ नका. बाकरवडी न्या. चितळ्यांच्या सीलबंद पाकिटाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

साडेअकराला मी मोकळा झालो. बाहेरून जेरुसलेमच्या गाड्या मिळतात, पण मला जायचं होतं जेरिकोला, तिथल्या 'इस्तिराहा'वर. शब्दाचा अर्थ विश्रांतीची जागा. पॅलेस्टिनी प्रवाशांच्या बस इथे येऊन थांबतात, इथे त्यांची तिसरी तपासणी, पॅलेस्टिनी बाजूची. म्हणजे एका नदीसाठी तीन सरकारांच्या खिडक्या. मी तिथे साडेचारपर्यंत बसलो. जवळजवळ पाच तास. बाहेर न्यायला आलेले काके-मामे, हातगाडीवाले हमाल, चहावाला. दर थोड्या वेळाने बस यायची आणि एकच कल्ला: "अल-हम्दुलिल्लाह अस-सलामे!" सुखरूप आलास, देवाची कृपा. त्यावर उत्तर ठरलेलं, "अल्लाह यसल्लमक". हे दोन शब्द पाठ करून ठेवा, घरी पोचल्यावर निदान तीस जण तुम्हालाही हेच म्हणणार आहेत.

नाबुलसी उतरला तो शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे लाल. तीस जणांच्या अरबी कल्ल्यात मला बघून त्याचं पहिलं वाक्य मराठीत आलं, "पाणी आहे का रे?"

त्याच्या दोन बॅगांपैकी एकच आली होती. सामान माणसापासून वेगळं काढतात, वेगळ्या गाडीने येतं, आणि शेवटी एका ढिगातून आपलं आपण शोधायचं. दुसरी बॅग दुसऱ्या दिवशी मिळाली, त्यासाठी त्याचा भाऊ पुन्हा जेरिकोला जाऊन आला. कुणी चिडलं नाही, याचंच मला जास्त वाटलं. तेव्हा औषधं, लॅपटॉप, मार्कशीट आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या सॅकमध्येच. बॅगेला लाल फडकं बांधा म्हणणार होतो, पण त्या ढिगात निम्म्या बॅगांना लाल फडकी होती. ज्यांना परवडतं ते शंभर डॉलरच्या वर मोजून व्हीआयपी सेवेने जातात, गर्दीत थांबावं लागत नाही. विद्यार्थ्याच्या खिशाचं हे काम नाही. स्वस्त उपाय एकच: पहाटे निघा, रविवार ते गुरुवार जा. शुक्रवार-शनिवार पूल तेव्हा लवकर बंद व्हायचा. आणि हजच्या दिवसांत जाणं टाळता आलं तर टाळा.

जेरिकोहून पुढे पिवळ्या सर्व्हिस टॅक्सी. आपलं वडाप. सात माणसं भरली की निघायचं, पैसे मागून पुढे हातोहात जातात, सुटे तसेच मागे येतात. शेकेल, म्हणजे इस्रायली चलन, तेव्हा १९-२० रुपयांना होता. दिनार आणि डॉलरही लोक मोठ्या व्यवहारांत वापरतात, पण टॅक्सीला शेकेलच हवेत. रस्त्यात ज़अतराचा नाका, मग हुवारा गाव, आणि मग दोन डोंगरांच्या मध्ये नाब्लुस, दक्षिणेला जेरिझिम, उत्तरेला एबाल. हे नाव रोमनांच्या काळचं, पण मूळ ग्रीक, 'निआपोलिस', नवं शहर. सन ७२ मध्ये वसवलेलं नवं.

घरात कुजबुज होती. त्याच्या धाकट्या बहिणीची तौजीही चालू होती, म्हणजे आपली बारावी, तीच धास्ती आणि तेच टीव्हीला कुलूप. तीन वर्षांनी मुलगा आला तरी रडणं-हसणं सगळं दार लोटून स्वयंपाकघरात झालं. तिथली आई मुलाला 'यम्मा' म्हणते. 'यम्मा' म्हणजे आई. मुलगा तिला यम्मा म्हणतो आणि तीही त्याला यम्माच म्हणते. मला दोन दिवस कळेना कोण कुणाला हाक मारतंय. तिसऱ्या दिवशी मलाही यम्मा म्हणायला लागल्या. त्यांचा मक्लूबा खाताना जागा ठेवा. पातेलं उलटं करून भात-वांगी-कोंबडी ताटात पाडतात, आणि पहिला ढीग हा नुसता सलामीचा असतो. "बस" म्हटलेलं ऐकू जात नाही. ताटात थोडं उरवा, हाच उपाय.

पाहुण्याने उन्हाळ्यात तिथे अंघोळ बेताने करावी. गच्च्यांवर काळ्या टाक्या असतात आणि नळाला पाणी रोज नसतं. मराठवाड्यातल्या वाचकांना जास्त सांगायला नको.

नाब्लुसमध्ये काय बघाल, तर जुन्या शहरात सकाळी नऊला जा आणि हरवा. कुनाफा उभ्याने खायचा: खाली वितळलेलं नाबुलसी चीज, वर नारिंगी कुरकुरीत थर, त्यावर पाक. गार झाला की चीज रबर होतं, म्हणून फोटोच्या नादी लागू नका. ऑलिव्ह तेलाच्या साबणाचा कारखाना चुकवू नका. साबण जमिनीवर ओतून, कापून, वाळायला त्याचे पोकळ मनोरे रचतात, माणसाच्या डोक्याच्या वर, मध्ये फटी सोडून, वारा खेळावा म्हणून. रचणाऱ्याचे हात बघत मी अर्धा तास उभा होतो. दोन्ही हातांनी उचलायचा, ठेवायचा, नजर भलतीकडेच.

मग जेरुसलेम. हे लिहायला मला अजून अवघड जातं. नाब्लुस-रामल्ला सर्व्हिसने तो बरोबर आला. रामल्लात मनारा चौकातले दगडी सिंह दाखवले, रुकबचं ताणलं जाणारं आइस्क्रीम दिलं, आणि २१८ नंबरच्या बसपाशी आणून म्हणाला, "आता तू जा." कलंदियाच्या नाक्याच्या पुढे त्याला परवाना लागतो. मला पुण्याहून आणलेला व्हिसा पुरला. तिकीट सात-आठ शेकेल. नाक्यावर तरुण पोरं उतरून पायी रांगेत गेली, मी पासपोर्ट हातात धरून सीटवर बसून राहिलो.

जुन्या शहरात हेरोद दरवाज्याजवळ 'ज़ाविया हिंदिया' आहे, हिंदुस्थानी धर्मशाळा. सूफी संत बाबा फरीद तेराव्या शतकात इथे राहिले अशी आख्यायिका, आणि १९२४ पासून सहारनपूरहून आलेलं अन्सारी घराणं ती सांभाळतंय. भारतीयाने दार जरूर वाजवावं. नाबुलसीची मागणी मात्र वेगळी होती. फोटो नको, जपमाळ नको. बाब अल-आमूद, म्हणजे दमास्कस दरवाजा, त्याच्याजवळच्या गाडीवरचा तिळाचा काअक, म्हणजे कड्यासारखा पाव, आण म्हणाला, आणि बरोबर कागदाच्या पुडीतला ज़अतर, म्हणजे वाळक्या पानांचा मसाला, मागून घे, ते आपणहून देत नाहीत कधीकधी. चार घेतले. रात्री घरी पोचेपर्यंत ते काठीसारखे झाले होते. आजीने, सित्तीने, एकेकावर पाण्याचा हबका मारला, गॅसवर उलटसुलट केला आणि पहिला तुकडा मोडून नातवाला न देता स्वतःच खाल्ला. बराच वेळ चावत होती. मग म्हणाली, मीठ कमी झालंय हल्ली.

परतताना पुलावर बाहेर पडण्याचा कर दीडशे शेकेलच्या वर आहे. ते वेगळे बाजूला ठेवा, शेवटच्या दिवशी कुनाफ्यात उडवू नका. साबण चेक-इन बॅगेत घाला, मसाल्याचा वासही जातो. मी एकटाच परत आलो, सकाळी निघून संध्याकाळच्या विमानाला आरामात पोचलो.

नाबुलसी ऑगस्टअखेर आला. त्याचं अम्मानचं विमान शनिवारी रात्रीचं होतं. तो गुरुवारी पहाटे घरातून निघाला.