रिपोर्ट पास, हॉपर नापास

परवा पुन्हा तेच. भट्टीत जाळायला आलेल्या लाकडाच्या चिप्सचा लॅब रिपोर्ट चकाचक, ओलावा ठीक, राख ठीक, आणि इकडे स्क्रू फीडर (माल भट्टीकडे ढकलणारा फिरता स्क्रू) रिकामाच गरगरतोय. वरून बघावं तर हॉपर, म्हणजे त्याच्या वरची मालाची टाकी, काठोकाठ भरलेला! लाकडाच्या चिप्सनी आत मस्त कमान धरलेली आणि खाली सगळी पोकळी. बाहेरून ठोकून ठोकून पाडलं एकदाचं (आत उतरायचं नाही हां, कमान कोसळली की माणूस गाडलाच जातो). मूठभर माल हातात घेतला तर बोटापेक्षा लांब काटक्या एकमेकीत अडकलेल्या, अगदी कावळ्याचं घरटं.

आता हे रिपोर्टात कुठून दिसणार? लॅबवाले तपासायच्या आधी सॅम्पल दळून बारीक पूड करतात, म्हणजे जो आकार मला छळतोय तो तिथे पहिल्यांदाच मोडला जातो.

आणि सॅम्पल तरी कसं, तर ढिगाच्या पायथ्याची बादलीभर. माल वरून ओतला की मोठे तुकडे घरंगळत कडेला येतात, चुरा मधे राहतो, आणि माती-वाळू बहुतेक त्या चुऱ्यातच, त्यामुळे कडेच्या बादलीत राख कमी येते आणि नंतर भट्टीत क्लिंकर (राख वितळून झालेले घट्ट खडे) निघाले की सगळे एकमेकांकडे बघतात. खरं तर कन्व्हेयरवरून पडणाऱ्या धारेतून थोड्या थोड्या वेळाने पूर्ण रुंदीचा माल घ्यावा, मग सगळं एकत्र करून ढीग, चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, असं करत कमी करायचं आणि पिशवी लगेच घट्ट बंद, नाहीतर ओलावा वाटेतच उडतो.

ओलाव्यावरून तर एकदा भांडणच झालेलं. एकाच मालाचे दोन रिपोर्ट, एकात ३३ टक्के, दुसऱ्यात ५०. दोन्ही बरोबर! १०० किलो कोरड्या लाकडात ५० किलो पाणी असेल तर एकूण वजनावर ३३ आणि कोरड्या वजनावर ५०. पण बेसिस, म्हणजे टक्का कुठल्या वजनावर काढलाय ते, लिहायचे कष्ट कोण घेणार. पैशाचा प्रश्न आहे हो, कोरड्या लाकडातून किलोला साधारण १८-१९ मेगाज्यूल मिळतात आणि एकूण वजनात निम्मं पाणी असलं की हाती ८ च्या आसपास उरतात, कारण पाणी वजन खातं ते खातंच, वर वाफ व्हायलाही उष्णता घेतं.

राखेचंही नुसता टक्का बघून चालत नाही. भाताच्या तुसात राख २० टक्क्यांपर्यंत जाते पण ती बहुतेक सिलिका, सहसा वितळत नाही. गव्हाच्या काडात राख त्याहून बरीच कमी, पण त्यातल्या पोटॅशियममुळे ती लवकर वितळून चिकटते.

असो. आता गाडी आली की आधी चाळणी लावतो. पण लांब काटकी उभी झाली की भोकातून सरळ आरपार जाते, चाळणीला पत्ताच नाही. मग काय, सॅम्पल पसरून हाताने काटक्या निवडायच्या आणि वेगळं वजन करायचं. तासभर मोडतो, बघणारे हसतात.