खरखर घालवणारा माणूस

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा समितीचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा वाटलं की सहली, छड्या, गॅदरिंग यावर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचा आपल्या शाळेशी काही संबंध नाही, आपलं गाव त्याच्या कानावरही गेलं नसणार, पण शाळेने मला जे दिलं त्यात हा माणूस फार वर येतो. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. चंद्रावर गेला तो वेगळा, हा रेडिओवाला.

आमच्या वेळी शाळेत व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ होता, शालेय कार्यक्रम ऐकायला. तो बंद पडायचा, म्हणजे पडायचाच, आणि मग विज्ञानाचे सर शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या टेबलावर तो उघडून बसायचे आणि आम्ही दोघंतिघं बॅटरी धरायला. (सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.) सरांची सवय अशी की एखाद्या पार्टवर बोट ठेवलं की तो कोणाच्या डोक्यातून निघाला ते सांगायचे, आणि रेडिओत बोट कुठेही ठेवा, गाडी फिरून आर्मस्ट्राँगवरच यायची.

हा जन्मला १८९० साली न्यूयॉर्कमध्ये, वाढला जवळच्या याँकर्सला. पोरगा असतानाच घराच्या आवारात सव्वाशे फुटी एरियलचा खांब उभा केला आणि त्यावर दोरीने स्वतःला ओढून घेत चढायचा. उंचीचं वेड पुढेही गेलं नाही. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलवरच्या आरसीए या रेडिओ कंपनीच्या टॉवरवर हा पार टोकापर्यंत चढला, वर फोटो काढून घेतले आणि ते मॅरियन नावाच्या मुलीला पाठवले. मॅरियन ही आरसीएच्या डेव्हिड सार्नॉफ यांची सेक्रेटरी. साहेब भडकले, पण त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं आणि नवरदेवाने बायकोला भेट काय दिली तर हातात धरून नेता येईल असा रेडिओ, म्हणजे बरं वजनदार खोकंच होतं ते.

पण खरं काम त्याच्या आधीचं. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ ला, ली डी फॉरेस्टची ऑडिऑन नावाची व्हॉल्व्ह त्याच्या हातात आली. ती नेमकी कशी चालते हे खुद्द डी फॉरेस्टलाही नीट सांगता येत नव्हतं. याने शांतपणे मोजमापं घेतली आणि प्लेटवरचा, म्हणजे बाहेर पडणारा, सिग्नल थोडा परत ग्रिडला, म्हणजे आत येण्याच्या बाजूला, दिला, म्हणजे वाढलेला सिग्नल पुन्हा वाढतो, पुन्हा परत जातो, पुन्हा वाढतो, आणि हेडफोन कानाला न लावता आयर्लंडचे सिग्नल ऐकू यायला लागले. परत देणं एका मर्यादेपुढे गेलं की व्हॉल्व्ह स्वतःच लहरी तयार करते, म्हणजे तेच सर्किट ट्रान्समीटर! गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर गेला की शिट्टी वाजते ती का, हे आम्हाला सरांनी ह्याच जागी समजावलं होतं. पेटंटला वडिलांनी पैसे दिले नाहीत, आधी डिग्री घे म्हणाले (बाप सगळीकडचे सारखेच), म्हणून याने नुसता आकृतीचा कागद नोटरीकडून साक्षांकित करून ठेवला.

मग पहिलं महायुद्ध, हा अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला, आणि तिथे १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन. माझं अख्खं पोट ह्या एका गोष्टीवर चाललंय म्हणून जरा थांबतो इथे. प्रत्येक स्टेशनची फ्रिक्वेन्सी वेगळी, प्रत्येकासाठी सगळे ट्यून्ड सर्किट वेगळे जुळवत बसलो तर संपलंच. त्याने काय केलं, सेटच्या आत एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे स्वतः लहरी तयार करणारं सर्किट, ठेवला आणि येणारा सिग्नल त्यात मिसळला, की दोघांच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाचा सिग्नल मिळतो. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर लावलं की आतला ऑसिलेटर १२४७ वर जातो, फरक ४५५. दुसरं स्टेशन लावा, गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर) फिरवली की ऑसिलेटरही सोबत सरकतो आणि फरक परत ४५५ च. मग पुढची सगळी वाढवावाढवी त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकदा नीट जुळवून ठेवली की झालं. दहावीनंतर आयटीआय केलं, तपकीर गल्लीतून पार्ट आणून दुकान टाकलं, तेव्हापासून व्हॉल्व्हचे, ट्रान्झिस्टरचे, आयसीवाले कितीतरी सेट उघडले, आणि नाव कोणत्याही कंपनीचं असो, आत हेच.

आता कोर्टाचं. डी फॉरेस्टने फीडबॅक, म्हणजे सिग्नल परत देण्याची ती युक्ती, आपलीच म्हणून दावा ठोकला आणि तो खटला वर्षानुवर्षं चालत शेवटी १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात आर्मस्ट्राँग हरला. इंजिनिअर लोकांचं मत जवळजवळ एकमुखी होतं की न्यायमूर्तींना तांत्रिक मुद्दा कळलेलाच नाही. ह्याने काय करावं, रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने १९१७ साली ह्याच शोधासाठी दिलेलं पदक परत करायला निघाला. संस्थेने घ्यायला साफ नकार दिला आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सर हे सांगताना स्वतः उभे राहायचे.

आणि हे सगळं चालू असताना एफएम! सार्नॉफला खरखर घालवणारी एखादी छोटी पेटी हवी होती, ह्याने पेटी नाही दिली, आख्खी नवी पद्धतच दिली. वीज चमकली की लहरीची उंची कमीजास्त होते आणि जुन्या पद्धतीत आवाज त्या उंचीतच भरलेला, त्यामुळे वळवाचा पाऊस आला की बातम्यांची वाट. याने आवाज फ्रिक्वेन्सीच्या बदलात भरला आणि रिसीव्हरमध्ये उंची छाटून टाकली. १९२२ मध्ये जॉन कार्सन नावाच्या नामांकित गणितीने एफएममध्ये फायदा नाही असं दाखवलं होतं, पण त्याने फ्रिक्वेन्सीच्या अरुंद पट्ट्याचा विचार केला होता. बाकी सगळे खरखर कमी करायला पट्टा अरुंद करत होते, हा उलटा गेला, पट्टा चांगला रुंद केला. डिसेंबर १९३३ मध्ये पेटंट मिळाले आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कला इंजिनिअरांसमोर प्रयोग झाला. तिकडे याँकर्समध्ये मित्राच्या घरच्या स्टेशनवर ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगाळला, आणि इकडे लोकांना पाणी पाण्यासारखं आणि कागद कागदासारखा ऐकू आला.

आरसीएला मात्र तेव्हा टीव्हीत रस. एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये प्रयोगाला दिलेली जागा रिकामी करायला लावली. ह्याने मग स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन इथे टॉवर बांधला. १९४० मध्ये आरसीएने एफएमच्या हक्कांसाठी दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले, हा म्हणाला बाकी कंपन्या रॉयल्टी देतात तशी तुम्ही पण द्या. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० मेगाहर्ट्झवरून उचलून वर नेला, लोकांच्या घरातले लाखो सेट एका निर्णयात निकामी. आज गाडीत आपण ८८ ते १०८ मध्ये स्टेशन शोधतो तो पट्टा तिथून आलाय. १९४८ मध्ये त्याने एफएमच्या पेटंटवरून आरसीएवर केस टाकली, समोरचे वकील तारखा लांबवत राहिले, पैसा संपला, बायकोही भांडणातून बहिणीकडे निघून गेली, आणि जानेवारी १९५४ च्या अखेरच्या रात्री त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. शाळेत सरांनी हे आम्हाला कधी सांगितलं नाही, केस चालू असतानाच वारला एवढंच म्हणायचे. मला ते फार नंतर वाचायला मिळालं आणि दोन दिवस दुकानात लक्ष लागलं नाही.

त्याच वर्षी आरसीएने मॅरियनशी तडजोड केली, रक्कम साधारण दहा लाख डॉलर, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी देत होते तेवढीच. मला विचाराल तर त्याने १९४० लाच पैसे घ्यायला हवे होते. धंद्यात बसलेला माणूस असंच म्हणणार, सर असते तर माझ्यावर चिडले असते. मॅरियनने बाकीच्या कंपन्यांविरुद्धचे खटले एकेक करत जिंकले, शेवटचा १९६७ मध्ये मोटोरोलाविरुद्ध. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे, २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरवरचे अँटेना गेले तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही स्टेशनांनी तात्पुरतं त्याच्यावरूनच प्रक्षेपण केलं.

महोत्सवानिमित्त प्रयोगशाळेला ट्रान्झिस्टर रेडिओची काही किट देतोय, नववीच्या मुलांना जोडता येतील अशी. आत पिवळा, पांढरा, काळा असे आयएफटीचे, म्हणजे त्या ४५५ वर जुळवलेल्या ट्रान्सफॉर्मरचे, छोटे डबे असतील, त्यांचे कोर स्क्रूड्रायव्हरने उगाच फिरवू नका रे, ४५५ वरून सेट हलला की जुळवायला सिग्नल जनरेटर लागतो आणि तो शाळेत नाहीये. फिरवायचेच असतील तर आधी पेनाने खूण करून ठेवा, आणि तरी बिघडलं तर रविवार सोडून कधीही दुकानावर घेऊन या.