येरवडा ते तांबट आळी, व्हाया इनामगाव

पुण्यात पाहुणा आला की त्याला आधी शनिवारवाड्यावर न्यायची पद्धत आहे. म्हणजे इतिहास एकदम १७३० पासून सुरू! त्याआधी इथे जणू कुणी राहतच नव्हतं. सुट्टीत संगमनेरहून भाचा आला, तेव्हा म्हटलं, या वेळी येरवड्यातून निघू.

"मावशी, येरवड्यात तुरुंग आहे ना?"

शंका रास्त होती. पण आम्हाला जायचं होतं डेक्कन कॉलेजात. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था आज पुरातत्त्वासाठी देशभर ओळखली जाते. आत शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट झाडांत विरून जातो. काळ्या दगडाची जुनी इमारत बघण्यासारखी आहेच, पण मला ओढ होती संग्रहालयातल्या इनामगावच्या वस्तूंची. (जाण्याआधी फोन करून चौकशी करा. हे काही तिकीट काढून शिरायचं पर्यटनस्थळ नाही.)

इनामगाव आपल्याच जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठचं. १९६८ ते १९८३ एवढी वर्षं तिथे उत्खनन चाललं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं अख्खं शेतकरी गाव हाती लागलं. घरं, धान्याची पेवं, कुंभाराची भट्टी, नदीचं पाणी वळवून शेतीला देण्याची सोय, सगळं. भांड्यांसमोर मी बराच वेळ रेंगाळले. पातळ, खणखणीत भाजलेली, लाल अंगावर काळी नक्षी आणि बाजूला तोटी. खाली नाव होतं 'जोर्वे'.

"हे आमचं जोर्वे? संगमनेरजवळचं?"

तेच. प्रवरेकाठच्या त्या गावात ही भांडी पहिल्यांदा मिळाली आणि सगळ्या संस्कृतीलाच त्याचं नाव पडलं. भाच्याची मान एकदम ताठ झाली. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणे.

मला मात्र हलता आलं नाही ते दफनाच्या कुंभांपासून. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात ते मूल, आणि पुरायचं घराच्याच जमिनीखाली. वर रोजचं सारवण, स्वयंपाक, झोप. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडलेले. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा अंदाज. भाच्याला ही माहिती फारच आवडली, दिवसभर तेच चाललं होतं. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं. शिरूरकडच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही.

त्याच आवारात लोकमान्य टिळक विद्यार्थी असताना राहत ती खोलीही जपलेली आहे. मडक्यातल्या पोराला नाव नाही, खोलीला आहे.

मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरलो आणि जंगली महाराज रस्त्याने चालत पाताळेश्वरला गेलो. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं एकाच खडकात खोदलेलं आहे. अंगणातला गोल नंदीमंडपसुद्धा बांधलेला नाही, भोवतीचा दगड काढून टाकून उरवलेला आहे. काम मात्र अर्धवट राहिलंय. काही ठिकाणी भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच दिसतात, भाच्याने त्यावरून बोट फिरवून पाहिलं. वेरूळचं कैलास लेणं पूर्ण करणाऱ्या राजवटीचं हे अपुरं काम मला जास्त जवळचं वाटतं.

शनिवारवाडा धावतपळत उरकला. १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत, उन्हात त्यांच्याकडे किती वेळ बघणार? दिल्ली दरवाज्याचे खिळे, एक फोटो, आणि कसबा पेठेत शिरलो.

तांबट आळी शोधावी लागत नाही, ठोक्यांवरून कळते. पेशवाईपासून इथे तांब्यापितळेचं काम चालतं. एका ओट्यावर आजोबा बंबाच्या पत्र्यावर मठारकाम करत होते. पोलादी दांड्यावर पत्रा, हातात हातोडी, आणि प्रत्येक ठोक्याला पत्रा केसभर फिरवायचा. ठोके असे शेजारी शेजारी बसतात की पत्र्यावर खवले उमटतात. पत्रा मजबूत होतो तो त्यानेच, शोभा नंतरची. इनामगावात तांबं इतकं दुर्मीळ होतं की धारेसाठी दगडाचीच पाती वापरत. इथे तांब्याच्या कातरणांचा ढीग पायाशी पडला होता.

"आजोबा, मी एक ठोका मारू?"

"मार की. पण बोट सांभाळ."

त्याने मारला. आजोबांनी चष्मा वर करून पाहिलं, त्याच जागेवर स्वतःचे चार ठोके घातले आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये, शिकवतो."

भाचा हो म्हणाला. त्याची परतीची एसटी सकाळी सातची होती, ती आता दुपारची बघायची आहे.