बॉयलर बंद, तक्रार मात्र ‘साधारण’

वृद्धाश्रमाच्या खोल्या गरम ठेवणारा बॉयलर थंडीत बंद पडला तरी ऊब टिकवायची सोय तासाभरात होते. मी अडकले ते दुरुस्तीच्या तक्रार कक्षात. “तापमान किती?” “थर्मोस्टॅटवर २०.” “मग तातडीचं नाही.” तक्रार गेली ‘साधारण’ रांगेत.

थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून बॉयलर चालू-बंद करणारं यंत्र, असतो कॉरिडॉरच्या आतल्या भिंतीवर. खिडकीलगतच्या खाटेवर तेव्हा १६ होतं. दर फोनला नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून रामायण! “फार गारठा आहे” म्हटल्याने कुणी हललं नाही. शेवटी तीन खोल्यांत उशीच्या उंचीला थर्मामीटर ठेवून दर अर्ध्या तासाला नोंद केली. “दीड तासात १९ वरून १६” म्हटल्यावर तक्रार वर सरकली. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सांगते, म्हाताऱ्यांसाठी त्याहून जास्त. हे पहिल्याच फोनवर बोलायला हवं होतं. बॉयलरच्या पॅनेलवरचा एरर कोड, पाण्याचा दाब, रहिवासी किती आणि ऑक्सिजनवर किती, हेही लिहून ठेवा. बॉयलरचं रीसेट बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, न जळलेलं इंधन साठू शकतं.

तोवर सगळ्यांना आतल्या एकाच हॉलमध्ये आणा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबा. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हातारपणी थोडी कमी धरली तरी वीस जण म्हणजे एक हीटरच. टोपी आणि मोजे आधी, रजई नंतर. ओले कपडे लगेच बदला, आंघोळ उद्यावर. २००० वॉटचा ऑइल हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच लावा. गरम पाण्याची पिशवी मधुमेह्यांना नको, पाय भाजला तरी कळत नाही. हो, फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच (त्वचेवर लावायची औषधी पट्टी) असलेल्यांना इलेक्ट्रिक ब्लँकेटही नको. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

हात गार लागतातच, पोटाला हात लावून पाहा. शरीराचं तापमान ३५ खाली म्हणजे हायपोथर्मिया. म्हाताऱ्यांना हुडहुडी भरेलच असं नाही. जीभ जड होते, गुंगी येते, आणि आपण ते विसरभोळेपणावर ढकलतो.

बिघाड? बॉयलरमधलं पाणी सोडणारी, इमारतीच्या बाहेरून जाणारी निचऱ्याची नळी गोठली होती. नळीवर कोमट पाणी ओतलं (उकळतं नाही, नळी तडकते), रीसेट एकदाच दाबलं आणि बॉयलर सुरू. “नळी बाहेरून जाते का?” एवढं तक्रार कक्षाने एकदाही विचारलं नाही.