कानामागून आलेलं हाड

न्हाऊ घातलेल्या बाळाच्या कानामागे आजी काजळाची तीट लावते, तिथे तिच्या बोटाला टणक असं फारसं काही लागत नाही. आपण आपल्या कानामागे चाचपलं तर मात्र खाली निमुळता होत गेलेला चांगला दणकट उंचवटा लागतो. तो जन्मतः जवळजवळ नसतोच. बाळ मान धरतं, इकडेतिकडे टकामका बघू लागतं, मानेचा जाड स्नायू तिथलं हाड खाली ओढत राहतो आणि मग हळूहळू तो वाढतो. कानामागून येऊन तिखट होणं म्हणजे काय, ते या हाडाकडून शिकावं.

हा शंखास्थीचा मागचा भाग. तेच हाड पुढे कानशिलापर्यंत पसरलेलं, आणि आत कवटीच्या तळाशी त्याचा एक भाग इतका कठीण, की हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यातला डीएनए शोधायचा तर संशोधक आधी तोच उकरतात. उलट कानामागचा उंचवटा आतून मधाच्या पोळ्यासारखा, हवेच्या बारीक कप्प्यांनी भरलेला. हे कप्पे मध्यकर्णाला, म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला, जोडलेले असतात. म्हणून जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, धप्पा मारायचा उत्साह कितीही असो, कानाच्या पडद्याला भोक असलेल्याने काठावरच रंगून घ्यावं. पाणी आत गेलं की कान वाहतो, आणि तो पू कधी मागच्या कप्प्यांत शिरला तर कानामागे लाल सूज येते, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो. वरच्या अंगाला मेंदू आणि या कप्प्यांच्या मध्ये हाडाचा फक्त पातळ पापुद्रा. अँटिबायोटिक येण्याआधी यात माणसं दगावत. १८७३ साली श्वार्त्झे या जर्मन डॉक्टरांनी ते हाड कोरून पू काढायची पद्धत नीट मांडली; आज तेच काम मायक्रोस्कोपखाली ड्रिलने होतं.

कोरताना सर्जनचा जीव अडकलेला असतो तो चेहऱ्याच्या नसेत. ही नस याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून वळणं घेत बाहेर पडते. डिसेंबरात पहाटे गंगापूर रोडने स्कूटरवरून गेलेल्या कुणाचं तोंड वाकडं झालं, की आपल्याकडे निदान तयारच असतं: वारं लागलं! मफलर गुंडाळायला माझी काही हरकत नाही, पण बऱ्याचदा तिथे नसच सुजलेली असते, आणि हाडाच्या बोगद्यात सुजायला जागा कुठली? ती आवळली जाते. डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठातून गळतं. पहिल्या तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू झालं तर बरं होण्याची शक्यता वाढते, आणि बहुतेक लोक बरे होतातही. पण आधी अर्धांगवायू नाही ना, हे पाहावं लागतं. डॉक्टर भुवया वर करायला सांगतात ते त्याचसाठी. अर्धांगवायूत कपाळाला बहुधा दोन्हीकडे आठ्या पडतात. नस सुजण्याच्या या आजारात मात्र एक बाजू सपाट राहते. शंका असेल तर घरी परीक्षा घेत बसू नये, दवाखाना गाठावा.

हेल्मेट कोपरात अडकवून नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून निघणाऱ्यांबद्दल काय बोलावं! कोपराला एवढी काळजी घेण्यासारखं आहेच काय? इकडे कानशिलापाशी कवटी सगळ्यात पातळ, आणि आतून तिला चिकटून एक धमनी जाते. ती फुटली तर माणूस कधी कधी उठून बसतो, चहाही पितो, ‘काही झालं नाही’ म्हणत घरी जातो आणि काही तासांनी बेशुद्ध पडतो. आत रक्त साचत असतं तोवर.

कवटीचा तळ तडकला तर त्याची खूण उशिरा दिसते. पडल्यावर दिवस-दोन दिवसांनी कानामागे काळंनिळं उमटतं, तिथे मार लागलेला नसतानाही. घरात कुणी हळद उगाळायला घेतली तर घेऊ द्या, पण रिक्षा आधी बोलवा आणि जिथे सीटी स्कॅन होतो तिथेच न्या.