दोन अर्धी पिंपं पीठ

इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टात ‘सरकारपुढे हात पसरू नये’ या विषयावर कोणी बोलायला लागलं की थोड्या वेळात लॉरा इंगल्स वाइल्डरचं नाव निघतंच. आपल्या लहानपणावर मुलांसाठी ‘लिटल हाउस’ पुस्तकं लिहिणारी ती लेखिका. बघा, गाड्यात संसार घालून माळरानावर गेले, कुणाचं मिंधेपण घेतलं नाही! बाई लिहायची अप्रतिम, त्यात वाद नाही. पण 1875 च्या अखेरीस तिच्या वडिलांनी, चार्ल्स इंगल्सनी, मिनेसोटात एका सरकारी कागदावर सही केली होती. मजकूर असा की आपल्याजवळ उपजीविकेचं काहीही साधन उरलेलं नाही. त्या सहीवर मिळालं काय, तर दोन अर्धी पिंपं पीठ. किंमत सव्वापाच डॉलर.

कारण होतं टोळधाड. वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी हे कुटुंब 1874 ला आलं, आणि त्या भागात धाडी आदल्या वर्षीच सुरू झाल्या होत्या. टोळ आले, पीक खाल्लं, गेले, एवढ्यावर ते भागत नाही. मादी जमिनीत भोक पाडून अंडी घालते. ती थंडीभर टिकतात, वसंतात फुटतात, आणि पंख नसलेली पिल्लं नव्या कोंबांवर चालत सुटतात. पंख फुटून उडून जाईपर्यंत काही आठवडे लागतात, तोवर दुसऱ्या वर्षाचा गहूही संपलेला असतो. म्हणजे एक धाड, दोन हंगाम. पेरणीचं बी पहिल्या वर्षी बुडतं, दुसऱ्या वर्षीचं उधारीचं असतं, तेही बुडतं. यात माणसाच्या कष्टाळूपणाचा संबंध कुठे येतो? चार्ल्स पूर्वेकडे कापणीच्या मजुरीला गेले. तेही पुरलं नाही, म्हणून ती सही.

पुस्तकांत हा कागद नाही. ऑगस्ट 1876 मध्ये नऊ महिन्यांचा फ्रेडी गेला, तो नाही. आयोवातल्या बर ओकला हॉटेलात राबून काढलेलं वर्षही नाही. मुलांसाठी लिहिताना निवड करावीच लागते, ते समजू शकतं. खटकतं ते वेगळंच. जी दुःखं गाळली त्यांच्याबरोबर मदतही गाळली गेली. थोरली मेरी 1879 मध्ये आजारपणात आंधळी झाली आणि 1881 पासून आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली. पुस्तकं वाचून वाटतं, सगळा खर्च घरच्यांनी पै-पै जोडून केला. कपडे आणि प्रवास घरचा, हे खरं. शिकण्या-राहण्याचा भार मात्र डाकोटा टेरिटरीने, म्हणजे कुटुंब तोवर जिथे राहायला गेलं होतं तिथल्या सरकारने, उचलला, कारण तिथे स्वतःची अंधशाळाच नव्हती.

आणि जमीन! 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर सरकारी जमीन मिळे. अटी अशा: वय 21 किंवा कुटुंबप्रमुख असणं, घर बांधणं, पाच वर्षं राहून कसणं, आणि सगळी फी धरून साधारण 18 डॉलर. डाकोटातल्या डी स्मेट गावाजवळचा त्यांचा तुकडा असाच. त्याआधी कॅन्ससमध्ये 1869 ते 71 त्यांनी घर बांधलं होतं ते ओसेज या मूळनिवासी लोकांच्या राखीव जमिनीवर, कायद्याने अतिक्रमणच. त्यावरच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ या पुस्तकाच्या 1935 च्या आवृत्तीत तिथे ‘माणसं नव्हती, फक्त इंडियन होते’ अशा अर्थाचं वाक्य होतं. एका वाचकाच्या पत्रानंतर 1953 ला ‘माणसं’च्या जागी ‘वसाहतवाले’ आलं. तिच्या नावाचा बालसाहित्य पुरस्कार होता, त्याचं नाव 2018 मध्ये बदललं. इथे त्यावर अजून भांडतात.

आपल्या ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या मंडळींनी होमस्टेड कायद्याची आणखी एक अट वाचावी: अर्जदार नागरिक हवा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला हवा. नुकता बोटीतून उतरलेला नॉर्वेजियन इरादा जाहीर करून मोकळा. आपल्याला सर्वोच्च न्यायालयाने 1923 मध्ये भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात सांगितलं की तुम्ही गोरे नाही, सबब नागरिकत्व नाही. ते दार 1946 ला उघडलं. आज त्याच माळावर आपली टाउनहाउसं आहेत, हेही आहेच म्हणा.

म्हणून कुणी ‘तुमच्याकडे सगळं सरकार देतं’ म्हणालं की बहात्तरचा दुष्काळ आठवतो. खडी फोडून लोकांनी मजुरी घेतली, सुकडी खाल्ली, लाल मिलो (आयात ज्वारी) खाल्ला. मिलो तर अमेरिकेचाच. आपल्याकडे त्या मिलोला नावं ठेवली, पण खाल्ला हे कुणी लपवलं नाही. निदान फारसं नाही.

लॉरालाच दोष देणंही बरोबर नाही. पहिलं पुस्तक 1932 चं, तेव्हा ती 65 वर्षांची. हस्तलिखितांवर मुलगी रोझचा हात फिरलेला, आणि रोझ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या मदत-योजनांची कट्टर विरोधक. लॉराने स्वतः मात्र मिझुरीतल्या मॅन्सफिल्डला शेतकी कर्जसंघाची सचिव-खजिनदार म्हणून दहाएक वर्षं शेजाऱ्यांना सरकारी कर्जं मिळवून दिली होती. अर्ज तपासायचे, तारण बघायचं, हप्ते वसूल करायचे. ते काम तिने चोख केलं. त्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं नाही, एवढंच.